पाच शेक राहिलेत आणि अण्णा म्हणतात, आता बास

कृष्णाकाठ · शुक्रवार, रात्री ११.२०

इथे बरेच महिने वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

अण्णा ६२ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. चाळीसेक वर्षं तंबाखू-चुना. चार महिन्यांपूर्वी डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, छातीचं मांस वळवून गाल बांधला. ती जखम भरल्यावर ३० शेक, म्हणजे किरणोपचार, आणि आठवड्याला एक केमो असं ठरलं. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून निभावलं.

आज २५ झाले. पहिले दोन आठवडे अण्णा एकटे एसटीने जाऊन यायचे, जुने ड्रायव्हर भेटायचे, त्यांच्याशी गप्पा मारत यायचे. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आता आतून सगळं लालभडक आहे, मध्ये पांढरे चट्टे. पाणी पितानासुद्धा डोळ्यांतून पाणी येतं. लाळ अशी चिकट झालीय की थुंकली तरी तुटत नाही. रात्रभर मांडीवर स्टीलचा तांब्या घेऊन बसतात आणि बोटाने ती तार ओढून काढतात. मी आईच्या जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे करून ठेवलेत, तेवढेच टोचत नाहीत. मानेची कातडी काळी पडून डाव्या बाजूला सोललीय. वजन ६८ होतं, आज ५९.

बोलायला त्रास होतो म्हणून माझ्या लेकीची पाटी घेतलीय. आज दवाखान्यातून आल्यावर पाटीवर लिहिलं, "आता बास. सोमवारी जाणार नाही." मी पुसलं. त्यांनी परत लिहिलं.

डॉक्टर अन्नासाठी नाकातून नळी घालू म्हणतात. अण्णांच्या मनात नळी म्हणजे शेवट, कारण आमच्या चुलत्यांना नळी घातली आणि महिन्याभरात ते गेले. दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी लिहून दिलीय, ती भाऊ देऊ देत नाही, व्यसन लागेल म्हणतो. त्यात शेजारच्या काकूंनी आईच्या डोक्यात भरवलंय की शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडतात. आईने त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला त्यांच्याजवळ बसू देत नाही. अण्णांच्या ते लक्षात आलंय. मला वाटतं "बास" मध्ये ते पण आहे.

तीसातले पंचवीस झालेत. पाच नाही घेतले तर खरंच किती फरक पडतो? डॉक्टरांना विचारायला गेलं तर ओपीडीत दीडशे माणसं, दोन मिनिटांत बाहेर. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

वाटसरू६२ · शुक्रवार, रात्री ११.५५

ताई, मी गेलोय. जिभेचा कॅन्सर, ३३ शेक, सहा केमो. सहा वर्षं झाली.

सोमवारी अण्णांना घेऊन जा. बाकी सगळं नंतर बोलू, आधी हे.

माझी गाडी २७ व्या शेकाला अडकली होती. डोकं-मान हलू नये म्हणून लावतात त्या जाळीच्या मास्कखाली झोपलो, त्यांनी तो टेबलाला खटाखट लावला, आणि घशात ती चिकट लाळ अडकली. हात वर केला, त्यांनी मशीन थांबवून मला बसवलं. मी बाहेर येऊन बायकोला म्हणालो, मेलो तरी चालेल पण परत त्या टेबलावर झोपणार नाही. तिथल्या टेक्निशियन पोराने मला बाजूला बसवलं. म्हणाला, काका, उद्यापासून आत जायच्या आधी पाच मिनिटं सोड्याच्या पाण्याने गुळण्या करा, सगळी लाळ ओढून काढा, आणि मगच मला हाक मारा, मी तुमच्यासाठी थांबतो. एवढंच. पुढचे सहा दिवस तो रोज थांबला.

मॉर्फिन मी सात-आठ आठवडे घेतलं. तोंड भरत आलं तसं डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केलं. आज मला त्या गोळीची आठवणसुद्धा येत नाही. तंबाखू सोडायला मात्र जीव मेटाकुटीला आला होता. भावाला सांगा, व्यसन कुठलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

नळी नऊ आठवडे होती. नळीमुळे जगलो असं म्हणतो मी.

अण्णांना पाटीवर माझा निरोप लिहा: "मी पण २७ व्याला बास म्हणालो होतो. सातारा रोडवरचा एक रिक्षावाला."

सिस्टर_तगर · शनिवार, सकाळी ६.४०

मी किरणोपचार विभागात अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. ड्युटीला निघायच्या आधी लिहितेय. तुमच्या अण्णांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा डोस वगैरे त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. बाकी जे रोज ओपीडीच्या दारात उभं राहून सांगते ते सांगते.

पाच शेकांचं आधी. ऑपरेशननंतर गालाला साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) एवढा डोस द्यायचा असतो, रोज २ ग्रे. अण्णांना ५० मिळालाय. हा हिशोब वाटेल तसा केलेला नसतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या पेशी मरायला तेवढा लागतो. आणि दुसरी गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही: चौथ्या आठवड्याच्या पुढे ज्या पेशी तग धरून राहिलेल्या असतात त्या आधीपेक्षा जोरात वाढायला लागतात. म्हणून तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये शेवटी शेवटी पडलेला खंड सगळ्यात महाग पडतो. शेतात खुरपणी करताना शेवटच्या चार सऱ्या तशाच सोडल्या तर तण तिथूनच पसरतं, तसं समजा. मशीन बंद पडून किंवा सणाची सुट्टी येऊन दिवस गेलाच तर डॉक्टर कधी शनिवारी घेतात, कधी एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देतात. पण ते त्यांनी ठरवायचं.

सोमवारी गेल्यावर आधी एक गोष्ट सांगा, नऊ किलो वजन उतरलंय. मास्क सैल झाला असेल. मास्कमध्ये मान हलत असेल तर शेक नेमक्या जागी बसत नाही. टेक्निशियनला स्वतः होऊन सांगा, ते तपासतील, लागला तर नवा बनवतील.

किरणांचं: बाहेरून मशीनने दिलेल्या शेकाने माणसाच्या अंगात काहीही राहत नाही. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही ना, तसं. आईंना सांगा, ताट एकत्र घासा, नातीला मांडीवर बसवा. फक्त तिला सर्दी-ताप असेल तर लांब ठेवा, कारण केमोने अण्णांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. भीती अण्णांपासून नातीला नाही, तिच्या सर्दीपासून अण्णांना आहे. हे वाक्य आईंना तसंच्या तसं सांगा.

तोंडासाठी: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात एक चहाचा चमचा खायचा सोडा आणि एक चहाचा चमचा मीठ. रोज ताजं करायचं. दर दोन तासांनी गुळण्या, रात्री जाग येईल तेव्हाही. जोरात खळखळायचं नाही, तोंडात धरून हळू फिरवायचं आणि टाकायचं. चिकट लाळ याने सुटते. झिणझिणणारे बाजारी माउथवॉश बंद, त्यात अल्कोहोल असतं. बधिर करणारं जेल दिलं असेल तर जेवणाआधी दहा मिनिटं लावा, पण त्यानंतर गरम काही देऊ नका, भाजलेलं कळत नाही, आणि घोट छोटे घ्यायला सांगा म्हणजे ठसका लागणार नाही.

ते पांढरे चट्टे नीट बघायला सांगा. किरणांनी आलेल्या तोंडावर पांढरा पापुद्रा असतोच. पण दह्यासारखे ठिपके असतील, आग एकदम दोन दिवसांत वाढली असेल, तर बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं, आणि ते सुरू झालं की बऱ्याच पेशंटना तीन-चार दिवसांत उतार पडतो. हे तपासायचं राहून जातं म्हणून सांगतेय.

मॉर्फिनबद्दल काका बोललेच आहेत. एकच भर: त्या गोळीने शौचाला कडक होतं, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवं, चौथ्या दिवशी नाही. आणि मेडिकलमधून मनाने ब्रुफेन, डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. केमोतलं सिस्प्लॅटिन आधीच किडनीवर जड असतं.

नळीबद्दल ड्युटीवरून आल्यावर लिहिते.

हिरवीवाट · शनिवार, सकाळी ९.१५

ताई, धीर धरा. माझ्या मावशीला शेक चालू असताना आम्ही गव्हांकुराचा रस आणि पपईच्या पानांचा रस रोज दिला. तिला खूप फरक पडला. रासायनिक औषधांपेक्षा हे बरं, करून बघा. मानेला हळद-चंदनाचा लेप पण लावा, थंडावा येतो.

सिस्टर_तगर · शनिवार, संध्या. ५.३०

हिरवीवाट, तुमच्या मावशी बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे आणि तुम्ही आपुलकीने सांगताय हेही कळतं. पण कृष्णाकाठ, यातलं काही आत्ता करू नका. कच्चा रस कितीही धुऊन काढला तरी त्यात जंतू राहतात, आणि आत्ता अण्णांची प्रतिकारशक्ती खाली आहे, तोंडात उघड्या जखमा आहेत. लेपाचंही तेच. सोललेल्या कातडीवर हळद-चंदन सुकलं की खरवडून काढावं लागतं आणि कातडी त्याच्याबरोबर येते. मी तशा दोन माना ड्रेसिंग केल्यात.

मानेला साध्या पाण्याची धार आणि मऊ कापडाने टिपून घेणं, पुसणं नाही. साबण, पावडर, बाम, दाढीचं पातं, सगळं लांब. सदरा बिनकॉलरचा, सुती. ओलसर सोललेल्या भागाला डॉक्टरांनी दिलेलं मलम, पण शेकाला जाताना जाड थर ठेवायचा नाही, हलक्या हाताने टिपून जायचं. उन्हात जाताना उपरणं सैल.

आता नळी. तुमच्या चुलत्यांना ज्या अवस्थेत घातली ती वेगळी, ही वेगळी. इथे नळी म्हणजे पायाला प्लास्टर घालतो तशी, हाड जुळलं की काढायची. अण्णांना दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतील. दोन घोट पेजेवर ते होणार नाही. नळी असली तर दर दोन तासांनी २०० ते २५० मिली. दूध, पूर्ण शिजवून वाटलेलं अंडं, मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं पाणी नाही तर डाळ शिजवून घोटून, शेंगदाण्याची बारीक पूड, वर चमचाभर तेल. सगळं मलमलच्या कापडातून गाळायचं. गाळलं नाही तर नळी तुंबते आणि रात्री दोन वाजता तुम्ही आमच्या दारात येता. देताना बसवून द्यायचं, नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. आधी-नंतर ३०-५० मिली पाणी सोडायचं. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करा. खूण सरकलेली दिसली, किंवा देताना खोकला आला, दम लागला, तर थांबा आणि दवाखाना गाठा.

आणि नळी असली तरी दिवसातून चार-पाच वेळा दोन दोन चमचे पाणी तोंडाने गिळायचंच. गिळायचे स्नायू न वापरल्याने विसरतात.

ओवी · शनिवार, रात्री ९.०५

माझं स्तनाचं होतं, त्यामुळे अण्णांच्या तोंडाच्या त्रासाशी तुलना करत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला कुणी सांगितली नव्हती.

मला १५ शेक होते. शेवटच्या दिवशी कातडी नुसती सावळी झालेली, थोडी खाज. मी स्टाफला पेढे वाटले, घरी आले, वाटलं संपलं. आठव्या दिवशी स्तनाखालच्या घडीतली कातडी ओली होऊन सोलली. ब्लाउज तर सोडाच, हात अंगाला लागू देववेना. रात्री मी रडत बसले, मला वाटलं रोगच वर आलाय. नवरा म्हणाला, शेक तर संपलेत, आता कसं होईल? सकाळी धावत गेलो तेव्हा तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, हो, हे असंच असतं, शेक संपल्यावर दोन आठवडे वाढतंच.

मग हे आधी का नाही सांगितलं? मला अजून त्याचा राग आहे. फाइलमध्ये पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची लिहून दिली होती आणि मधल्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही. एक ओळ लिहिली असती तरी मी ती रात्र तशी काढली नसती.

म्हणून कृष्णाकाठ, शेवटचा शेक झाला की अण्णांना "सुटलात" म्हणू नका. अजून दोन आठवडे चढ आहे, मग उतार, असं आधीच सांगून ठेवा. मला दोन मऊ सुती पंचे घडीत ठेवून, दर तासाला हवा देऊन, तीन आठवड्यांत कातडी भरली. भरली म्हणजे पूर्ण भरली.

सिस्टर_तगर · शनिवार, रात्री ९.४०

ओवी, तुमचा राग अगदी रास्त आहे. आम्ही सांगतो तेव्हा पेशंट शेवटच्या दिवसाच्या आनंदात असतो, आणि कित्येकदा आम्ही सांगतही नाही, कारण बाहेर रांग असते. तोंडाचं तर हमखास असं होतं: शेवटचा आठवडा आणि पुढचे दोन हे सगळ्यात वाईट. किरणांचं काम मशीन बंद झाल्यावरही पेशींत चालू असतं. मग हळूहळू उतार, चार ते आठ आठवड्यांत बहुतेकांचं तोंड भरतं.

मांडवीकाठ · रविवार, सकाळी ८.००

आम्ही गोव्याचे. आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, २५ शेक बाहेरून आणि मग आतून. तिला तोंडाचं काही नव्हतं, पण चौथ्या आठवड्यापासून दिवसाला आठ-दहा वेळा जुलाब, लघवीला जळजळ. ती लाजेने सांगतच नव्हती. प्रवासात त्रास होऊ नये म्हणून पाणी प्यायची नाही, आणि शेकाआधी तर लघवीची पिशवी भरलेली हवी असते. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. मग दूध, पालेभाजी, फणस-काजू सगळं बंद करून उकड्या तांदळाची पेज, केळं, मीठ-साखरेचं पाणी यावर आणली तिला. जुलाबाची गोळी डॉक्टरांनी दिली. कुणाच्या घरी आई, आजी असेल तर स्वतःहून विचारा. त्या सांगणार नाहीत.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री हा धागा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. अण्णा पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. मुद्दामच उघडं ठेवलं.

सिस्टरचं सर्दीचं वाक्य ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून वेगळी ठेवलेली ताट-वाटी आणली आणि सगळ्यांच्या भांड्यांत घासायला टाकली. लेक रात्री आजोबांच्या पायाशी झोपली.

भावाशी भांडण झालं, पण गोळी दिली. शनिवार रात्रीपासून. अण्णा चार तास सलग झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा. भाऊ पहाटे उठून दोनदा बघून आला त्यांचा श्वास चालू आहे का, आणि मग स्वतःच म्हणाला, दुसरी गोळी किती वाजता द्यायची?

वाटसरू काका, तुमचा निरोप पाटीवर लिहिला. अण्णांनी वाचला, पुसला नाही. खाली लिहिलं, "कुठला स्टँड?"

वाटसरू६२ · रविवार, रात्री १०.४५

त्यांना लिहा: स्वारगेट. बरे झाले की या, भाडं घेणार नाही.

दादरपूर्व · सोमवार, दुपारी २.१०

विषय थोडा वेगळा, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. रोज लांबून ये-जा करण्यानेच शेवटच्या आठवड्यात बरेच जण खंड पाडतात. मुंबईत टाटाला उपचार असतील तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दोन्हीकडे पेशंटबरोबर नातेवाइकांची सोय होते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्या. गावाकडच्या हॉस्पिटलातही हा विभाग असतो, विचारा. आणि रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट फुकट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. आम्ही अर्धे उपचार पूर्ण तिकीट काढून केले, नंतर कळलं.

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ९.००

सोमवारी गेलो. मास्क खरंच सैल होता, मानेपाशी बोटभर. नवा बनवला, त्यामुळे कालचा शेक आज झाला. म्हणजे आता शनिवारी पण बोलावलंय, डॉक्टर स्वतःच म्हणाले खंड नको. चट्टे बुरशीचेच निघाले. औषध चालू केलं.

नळीला अण्णा तयार झाले. घालताना मी हात धरला होता. दोन मिनिटांचं काम, पण त्यांच्या नखांच्या खुणा मनगटावर आहेत अजून. पहिलं फीड मी दिलं, २०० मिली, नाचणी आणि दूध. ते उंच धरलेल्या सिरिंजकडे बघत होते, पातळी खाली जाताना. संपल्यावर पाटी मागितली, "भूक गेली."

सिस्टर_तगर · मंगळवार, रात्री ९.३५

हे वाचून खूप बरं वाटलं. आता एक कागद फ्रिजला चिकटवा: ताप १००.४ च्या वर, पाणीसुद्धा उतरत नाही किंवा नळीतून दिलेलं उलटतंय, लघवी कमी, तोंडातून ताजं रक्त, श्वास घेताना आवाज येतोय. यातलं एक जरी झालं तरी रात्र असो की सुट्टी, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन, तेही तिथेच लिहा.

आणि आई मिसरी लावतात का? बऱ्याच घरांत असतं म्हणून विचारतेय.

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ९.५०

लावते. अण्णांच्या समोर बसून रोज सकाळी. तुम्ही विचारेपर्यंत आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सिस्टर_तगर · मंगळवार, रात्री १०.००

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्या वासाने अण्णांची तलफ जागी होते ते वेगळं, पण आईंच्या तोंडालाही तोच धोका आहे. सोडवायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत लाइन आहे, १८०० ११ २३५६. आणि एकदा त्यांचं तोंड पण दाखवून घ्या, अण्णांबरोबर येतीलच ना.

कृष्णाकाठ · अकरा दिवसांनी, शनिवार, पहाटे ४.१५

शेवटचा शेक होऊन आज सात दिवस. ओवीताई, तुम्ही सांगितलं नसतं तर आज मी कोलमडले असते. हे दिवस आधीपेक्षा वाईट आहेत. मानेतून पाणी झरतंय, लाळ आणखी घट्ट, परवा गुरुवारी १०१ ताप आला. कागद फ्रिजवर होता म्हणून रात्री साडेअकराला गाडी काढली. पांढऱ्या पेशी खूप कमी झाल्या होत्या, दोन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. आताही दवाखान्यातूनच लिहितेय. ताप उतरलाय.

अण्णांना शेवटच्या दिवशी मी सांगितलं होतं, अजून दोन आठवडे चढ. ते आता पाटीवर रोज एक रेघ मारतात. आज सात झाल्या.

ओवी · शनिवार, सकाळी ७.२०

मी जागीच होते गं. चौदा रेघा होईपर्यंत रोज इथे एक ओळ लिहीत जा. आम्ही वाचतोय.

वाटसरू६२ · शनिवार, सकाळी ८.००

पुढची तयारी आत्ताच सांगून ठेवतो. तोंड भरायला लागलं की चव लगेच येणार नाही. मला गोड आधी कळलं, तेही तीन महिन्यांनी. भाकरी सहा महिन्यांनी, तीही आमटीत कुस्करून. लाळ आजही निम्मीच आहे, पाण्याची बाटली कायम रिक्षात. लोक म्हणतील आता तर बरा दिसतोस, जेवत का नाहीस? त्यांना उत्तर देत बसू नका.

आणि तोंड उघडायचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी कांड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. दर थोड्या दिवसांनी एक कांडी वाढवायची. मी दोन महिने आळस केला, त्याची किंमत आजही मोजतोय, मोठा घास तोंडात जात नाही. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून सुरू करा.

सिस्टर_तगर · शनिवार, दुपारी ३.००

काकांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. त्यात दोन गोष्टी जोडते. पुढे आयुष्यभर कुठलाही दात काढायची वेळ आली तर डेंटिस्टला आधी सांगायचं की जबड्याला शेक घेतलेत. न सांगता काढला तर जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. आणि थायरॉइडची तपासणी वर्षातून एक-दोनदा, कारण मानेला किरणं लागल्याने ती हळूहळू मंदावू शकते. वर्षभराने अण्णा नुसते झोपून राहायला लागले तर "वय झालं" म्हणून सोडू नका.

कृष्णाकाठ · सात आठवड्यांनी, रविवार, संध्या. ६.४५

बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व. चौदा रेघांनंतर तीन-चार दिवस काहीच फरक दिसेना, मग एका सकाळी तांब्या कोरडा होता. अण्णांनी मला तो उपडा करून दाखवला.

नळी मागच्या मंगळवारी काढली. वजन ६१. मानेवर नवी गुलाबी कातडी आलीय, तिथे ऊन सोसत नाही. नाचणीची आंबील आणि मऊ भात-वरण तोंडाने चाललंय, चव अजून काही नाही, सगळं मातीसारखं लागतं म्हणतात, पण वाटी संपवतात. आईची मिसरी बंद होऊन पाच आठवडे झाले, तिचं तोंडही दाखवून आणलं, एक पांढरा डाग आहे, तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

कांड्यांचं काम लेकीने घेतलंय. चौकातल्या दुकानातून ती पुडकंच आणते, धुऊन देते, आणि मोजते पण तीच. सुरुवातीला सात बसायच्या. आज सकाळी अकरावी बसली. बारावीला अजून दुखतं.